पॉलिश झालं, आता सीलंट कसं लावायचं? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळ्या पायऱ्या

दोन दिवस खपून गाडी पॉलिश केली, बोनेटमध्ये स्वतःचा चेहरा दिसायला लागला की आता झालं बाबा सगळं असं वाटतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तुमच्या गाडीचा पेंट जितका उघडा असतो तितका एरवी कधीच नसतो, कारण पॉलिशने ओरखड्यांसोबत आधीचं वॅक्स, आधीचं सीलंट, जे काही असेल ते सगळंच खरवडून काढलेलं असतं. वरती फक्त क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उरतो. तो बहुतेक गाड्यांवर ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे साधारण डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ, आणि प्रत्येक पॉलिशला त्यातला थोडा थोडा कमी होतो आणि तो परत काही येत नाही. म्हणून सीलंट लावायचं. चमक मिळते ती वेगळी, पण खरा फायदा हा की पुढचं पॉलिश लांबणीवर पडतं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा पॉलिश संपल्यावर लगेच, त्याच दुपारी, उन्हात गरम झालेल्या बोनेटवर जाड थर फासला. जास्त लावलं म्हणजे जास्त टिकेल असं मनात होतं. ते असं काही वाळलं की पुसता पुसता हात दुखून आले, पांढरे डाग तरी राहिलेच, आणि तीन-चार वेळा गाडी धुतल्यावर पाणी पुन्हा पूर्वीसारखंच पसरायला लागलं, म्हणजे सीलंट निघून गेलं होतं. सीलंटची बाटली चांगली होती, चुका सगळ्या लावण्यात होत्या, आणि त्या प्रत्येक चुकीचं कारण मला नंतर हळूहळू कळत गेलं, तेच इथे क्रमाने लिहितोय.

सीलंट म्हणजे काय हे आधी दोन ओळीत. वॅक्स हे बहुतेक वेळा कार्नोबा नावाच्या झाडाच्या पानांवरच्या मेणापासून बनतं, सीलंट हे कारखान्यात बनवलेलं सिंथेटिक पॉलिमर असतं. वॅक्स महिना-दोन महिने टिकतं, चांगलं लावलेलं सीलंट चार ते सहा महिने, गाडी उन्हात उभी राहते का, किती वेळा धुता, कशाने धुता यावर ते कमीजास्त होतं. सिरॅमिक कोटिंग ही तिसरीच गोष्ट, ती जास्त टिकते पण लावताना चुकलं तर काढायला पुन्हा पॉलिशच करावं लागतं, म्हणून नवख्या माणसाने सीलंटपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

काय काय लागेल

- पेंट सीलंट (लिक्विड किंवा पेस्ट, पहिल्यांदा लिक्विड घ्या, पातळ लावायला सोपं जातं)
- फोमचे मऊ अ‍ॅप्लिकेटर पॅड, कमीत कमी दोन
- मायक्रोफायबर कापडं, ३०० ते ४०० जीएसएमची (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), सहा-सात तरी हवीत, दोनमध्ये भागत नाही
- आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आयपीए, क्षार नसलेलं (डिस्टिल्ड) पाणी आणि एक स्प्रे बाटली, किंवा तयार पॅनेल वाइप (पेंटवरचं तेल काढायचा तयार स्प्रे)
- मास्किंग टेप
- चांगला टॉर्च
- नायट्राइल ग्लोव्हज
- मऊ ब्रश, खाचांमधली पूड काढायला

मायक्रोफायबर नवीन असलं तरी आधी एकदा धुऊन घ्या आणि त्यावरचं लेबल कापून टाका, लेबलची कड ताज्या पॉलिशवर बारीक रेघ मारते. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याने तंतूंवर थर बसतो आणि कापड पुसायच्या ऐवजी नुसतं फासत राहतं. आणि एखादं कापड जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून परत वापरू नका.

१. पॉलिश खरंच संपलंय का ते बघा

टॉर्च तिरका धरून प्रत्येक पॅनेल, म्हणजे बोनेट, दरवाजा असा गाडीचा एकेक भाग, बघा. समोरून सरळ उजेड टाकला तर काही दिसत नाही, बाजूने टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात. जे ओरखडे आत्ता आहेत ते सीलंटखाली तसेच राहणार, सीलंट ते भरत नाही. इथे एक मोठा सापळा आहे. बऱ्याच पॉलिशमध्ये आणि जवळजवळ सगळ्या ग्लेझमध्ये (तात्पुरती चमक देणारं क्रीम) तेल आणि फिलर असतात, ते ओरखड्यांत बसतात आणि पेंट एकदम नितळ दिसतो, आणि आपल्याला वाटतं झालं. ते पुसलं की ओरखडे परत वर येतात. म्हणून खरा निकाल पुढच्या पायरीनंतरच कळतो, आणि तेव्हा एखादा पॅनेल मनासारखा वाटला नाही तर तो परत पॉलिश करा, पण सीलंट लावायच्या आधी.

२. पॉलिशचं तेल काढा

सगळ्यात जास्त लोक हीच पायरी गाळतात आणि नंतर सीलंटला दोष देतात. पॉलिशच्या तेलाचा एक पातळसा थर पेंटवर राहिलेला असतो, डोळ्यांना तो चमकच वाटतो. सीलंटला पेंटला धरायचं असतं आणि मध्ये तेल आलं की ते पेंटला न धरता तेलालाच धरतं, मग शाम्पूने तेल निघालं की सोबत सीलंटही गेलं.

आधी मऊ ब्रशने खाचा साफ करा. दरवाज्याच्या हँडलमागे, नंबरप्लेटच्या कडेला, डिकीच्या फटीत, बॅजच्या अक्षरांमध्ये पॉलिशची पांढरी पूड बसलेली असते. ती राहिली तर पुढे सीलंटच्या पॅडला लागते आणि मग तीच पूड तुम्ही घासत बसता. पूड खूप उडाली असेल तर सरळ गाडी शाम्पूने धुवा आणि पूर्ण कोरडी करा, फटींमधलं पाणी सुद्धा, नाहीतर सीलंट लावताना नेमकं आरशातून पाणी ओघळतं.

मग आयपीए. हे थेट बाटलीतून ओतायचं नाही, पातळ करायचं. ९९ टक्केवालं असेल तर १ भाग आयपीए आणि ५ भाग पाणी, ७० टक्केवालं असेल तर १ भागाला ३ भाग पाणी, दोन्ही हिशोबांनी मिश्रण १७ टक्क्यांच्या आसपास येतं आणि तेवढं पुरतं. जास्त कडक केलं तर जास्त साफ होईल हा समज सोडा, कडक मिश्रण लगेच उडून जातं, तेल विरघळायला वेळच मिळत नाही, आणि कापड कोरडं फिरून ताज्या पॉलिशवर रेघा येतात. एक कापड स्प्रेने ओलसर करा, पॅनेलवरही दोन फवारे मारा, हलक्या हाताने सरळ पुसा, मग लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने. कापडाची घडी बदलत राहा. तेल निघाल्यावर कापड एकदम वेगळं लागतं हाताला, आधी ते घसरत असतं, नंतर थोडं अडकल्यासारखं, ओढल्यासारखं जाणवतं. तो फरक हाताला एकदा कळला की परत विचारावं लागत नाही.

आयपीए ज्वलनशील असतं, वाफ डोक्यात जाते, तेव्हा जागा हवेशीर ठेवा, ग्लोव्हज घाला आणि जवळपास कुठलीही ज्योत नको.

३. जागा आणि वेळ

सावली हवी आणि पॅनेल थंड हवा. हवा थंड असली तरी पत्रा गरम असू शकतो, काळ्या गाडीचं बोनेट तर हमखास, म्हणून तळहाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघा. ऊब जाणवली तर थांबा. गरम पत्र्यावर सीलंटमधलं सॉल्व्हंट झटकन उडतं आणि उरलेला भाग चिकटून बसतो, तेच ते पांढरे डाग. इंजिन चालू करून गाडी सावलीत आणली असेल तर बोनेट निवायला तासभर तरी द्या.

उलट फार थंडी किंवा फार दमट हवा असली तर सीलंट वाळायला वेळ लावतं. ते बिघडत नाही, फक्त बाटलीवरच्या मिनिटांवर विसंबू नका. आणि वारा सुटलेला असेल, धूळ उडत असेल तर त्या दिवशी काम काढूच नका, ओल्या सीलंटवर बसलेली धूळ पुसताना सँडपेपरसारखी फिरते.

४. टेप लावा

काळं खरखरीत प्लास्टिक, दरवाज्यांच्या रबरी पट्ट्या, वायपरखालची जाळी, यावर मास्किंग टेप. खरखरीत प्लास्टिकच्या छिद्रांत सीलंट शिरलं की पांढरट डाग पडतो आणि तो काढणं फार जिकिरीचं काम आहे. समोरच्या काचेवरही लावू नका, वायपर थरथरायला लागू शकतो, काचेसाठी वेगळं मिळतं ते वापरा.

५. लावा, पण कमी लावा

या पायरीवर घाई नको. बाटली हलवून घ्या. नवीन कोरडं पॅड पहिल्यांदा सीलंट पिऊन टाकतं, म्हणून सुरुवातीला पॅडवर थोडं पसरवून ते ओलसर करा, मग वाटाण्याएवढे तीन थेंब. एवढ्यात अर्धं बोनेट होतं. खोटं वाटेल, पण अख्ख्या मध्यम आकाराच्या गाडीला ३० मिलीपेक्षा कमी सीलंट लागलं पाहिजे, त्याहून जास्त संपलं तर थर जाड गेलाय असं समजा.

थर जाड असून फायदा का नाही, तर पेंटला धरतो तो फक्त अगदी खालचा पातळ भाग, बाकी वरचं सगळं शेवटी तुम्ही कापडाने पुसूनच काढणार आहात. जाड थर म्हणजे बाटली लवकर रिकामी आणि पुसायला दुप्पट कष्ट, टिकाऊपणा तेवढाच. बरोबर पडलेला थर कसा दिसतो? समोरून बघितलं तर जवळजवळ दिसतच नाही, तिरकं बघितलं तर आरशावर फुंकर मारल्यावर येते तशी फिकट धुरकट झाक. पांढऱ्या रेघा, पॅडच्या कडेने जमलेल्या ओळी दिसल्या तर तुम्ही जास्त घेतलंय, पुढचे थेंब घेऊ नका, आहे तेच पुढे पसरवा.

क्रम वरून खाली. आधी टप, मग बोनेट, डिकी, मग दरवाज्यांचा वरचा भाग, आणि खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी, कारण कितीही धुतलं तरी खाली थोडी कचकच राहतेच आणि ती पॅडला लागून वर यायला नको. खालच्या भागाला दुसरं पॅड घ्या. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग एका वेळी, आधी आडवे हात, मग त्यावरून उभे, म्हणजे कुठे सुटत नाही. दाब देऊ नका, पॅडचं वजन आणि बोटांचा स्पर्श एवढंच, इथे आपण काही घासून काढत नाहीये, नुसतं पसरवतोय.

पॉलिशर मशीन असेल तर सगळ्यात मऊ फोम पॅड आणि सगळ्यात कमी स्पीडवर लावता येतं आणि थर फार सुरेख एकसारखा पडतो, पण पॉलिश केलेलंच पॅड नको, धुतलेलं असलं तरी नको, त्यात पॉलिशचे कण राहतात.

६. थांबा, आणि बोटाने विचारा

बहुतेक लिक्विड सीलंट १५ ते ३० मिनिटांत वाळतात. पण घड्याळापेक्षा बोट जास्त खरं सांगतं. ग्लोव्ह काढा, स्वच्छ बोटाने पॅनेलच्या एका कोपऱ्यात इंचभर रेघ ओढा. रेघेखाली स्वच्छ चमकता पेंट दिसला तर तयार. रेघ फासली गेली, तेलकट ओघळ दिसला, तर अजून पाच-दहा मिनिटं. अख्ख्या गाडीला एकदम लावून मग पुसायचं की पॅनेल पॅनेल करायचं हे सगळे विचारतात. पहिल्यांदा करत असाल तर एक पॅनेल लावा, ते पुसून बघा, सहज निघतंय असं कळलं की मग बाकी गाडी एकदम करा.

काही सीलंट मात्र न वाळवता लगेच पुसायचे असतात, स्प्रेवाले तर जवळजवळ सगळेच. त्यांना वाळू दिलं की डाग पडतात. तेव्हा बाटलीमागचं बारीक अक्षर काम सुरू करायच्या आधी वाचा, हातात पॅड घेतल्यावर नाही.

७. पुसा

ज्या क्रमाने लावलं त्याच क्रमाने काढायचं. कापडाची चौपदरी घडी, हलका हात, पहिल्या फेरीत जाड अंश निघतो, मग घडी उलटून दुसरी फेरी. दोन-तीन पॅनेल झाले की कापड बदला, भरलेलं कापड सीलंट उचलत नाही, इकडचं तिकडे नेतं. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा आणि कारण शोधा, कारण नीट लावलेलं सीलंट फुंकरीसारखं निघतं.

कुठे चिवट डाग राहिला असेल तर नखाने, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडू नका. त्या डागावर थोडंसं त्याच सीलंटचं ताजं बोट फिरवा, ओलं सीलंट वाळलेल्याला सोडवतं, आणि लगेच पुसा. माझ्या पहिल्या गाडीवर हे माहीत असतं तर अख्खी संध्याकाळ वाचली असती.

शेवटी टेप काढा, आणि टॉर्च घेऊन एक फेरी मारा. हँडलखालची वाटी, आरशाचा खालचा भाग, पेट्रोलच्या झाकणाच्या कडा, इथे सीलंट हमखास राहून जातं आणि दुसऱ्या दिवशी उन्हात पांढरं दिसतं.

८. रात्रभर कोरडी ठेवा

पुसलं म्हणजे संपलं असं नाही. पॉलिमर घट्ट व्हायला बहुतेक सीलंटना १२ ते २४ तास लागतात. तेवढा वेळ पाणी नको, दव नको, म्हणून छपराखाली ठेवता येईल असाच दिवस निवडा. गाडीवर कव्हर घालू नका, कव्हर घासतं. चुकून पाऊस आलाच तर घाबरून पुसत सुटू नका, मोठं कापड नुसतं वरून टेकवून पाणी टिपून घ्या, आणि दुसरा थर देताना ते पॅनेल परत करा.

९. दुसरा हात

दुसरा हात, म्हणजे दुसरा थर, द्यायचा तो पहिला पूर्ण घट्ट झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी. लगेच दिला तर त्यातलं सॉल्व्हंट पहिला थरच सैल करतं. दुसऱ्या हाताने थर दुप्पट होतो असं नाही, पहिल्यांदा जिथे सुटलं ते भरून निघतं, आणि कितीही काळजी घेतली तरी कुठेतरी सुटतंच. तिसरा, चौथा हात देणारेही बघितलेत, त्याने फरक पडताना मी तरी पाहिला नाही. वरून वॅक्स लावायचं असेल तर त्यानंतर लावा, वॅक्सवर सीलंट मात्र कधीच नाही, ते धरत नाही.

हे कुठे लावायचं नाही

नुकताच रंगवलेला पॅनेल असेल, म्हणजे ठोकर लागून बंपर किंवा दरवाजा गॅरेजमध्ये रंगवून घेतला असेल, तर थांबा. तिथला पेंट कंपनीतल्यासारखा कडक भट्टीत भाजलेला नसतो, त्यातलं सॉल्व्हंट कित्येक आठवडे बाहेर पडत असतं आणि वरून सीलंट लावलं की ते कोंडलं जातं. पेंटरला विचारा, साधारण ६० ते ९० दिवस थांबायला सांगतात. मॅट फिनिशच्या गाडीला तर पॉलिशही नको आणि हे नेहमीचं सीलंटही नको, चमकदार ठिपके पडतात आणि ते परत मॅट होत नाहीत. आणि जुन्या गाडीवर पुसताना कापडाला गाडीचाच रंग लागला तर दचकू नका, त्यावर क्लिअर कोट नसतो एवढाच अर्थ, सीलंट तिथेही चालतं. सिरॅमिक कोटिंग लवकरच करून घ्यायचा विचार असेल तर सीलंट लावण्यात अर्थ नाही, कोटिंगला पेंट उघडाच लागतो आणि ते सगळं परत काढावं लागेल.

नंतर काय बघायचं

पहिल्यांदा पाणी टाकाल तेव्हा थेंब गोल, टपोरे, वेगळे वेगळे उभे राहतील आणि गाडी थोडी हलली की घरंगळतील. पण हेच थेंब उन्हात वाळू दिले तर पाण्यातले क्षार तिथेच गोल डाग करून बसतात, सीलंटने ते थांबत नाहीत, म्हणून धुतल्यावर गाडी पुसायचीच. पक्ष्यांची विष्ठा पण लगेच काढा, सीलंट तुम्हाला थोडा वेळ मिळवून देतं, बस. घासलं जाण्यापासूनही ते वाचवत नाही, हा थर मायक्रॉनच्या अंशात मोजावा इतका पातळ असतो, त्यामुळे कोरड्या फडक्याने धूळ झटकायची सवय असेल तर ओरखडे पूर्वीसारखेच पडणार.

धुवायला पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, कार शाम्पू वापरा. भांड्याचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, तो सीलंटही उतरवायला लागतो.

परत कधी लावायचं ते पाणी सांगतं. थेंब चपटे व्हायला लागले, कडा वेड्यावाकड्या झाल्या, पाणी चादरीसारखं एका जागी थांबायला लागलं की आधी नीट शाम्पू करून बघा, कधी कधी नुसता मळाचा थर असतो आणि धुतलं की थेंब परत येतात. तरीही नाही आले तर धुवा, हात फिरवून पेंट खरखरीत लागत असेल तर क्ले बार (पेंटला चिकटलेली घाण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा) फिरवा, आयपीएने पुसा आणि पायरी ३ पासून सुरू करा. पॉलिश परत करायची गरज नाही, ओरखडे नसतील तर अजिबातच नाही. आणि आज लावल्याची तारीख मार्करने बाटलीवरच लिहून ठेवा, तुमच्या गाडीवर ते किती महिने टिकलं हे पुढच्या वेळी त्यावरूनच कळेल.